मनमाडची मनी किती उंदीर खाते?

मनमाडमध्ये मापाशिवाय काही मिळत नाही. नळाला पाणी यायची तारीख इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं पोरांच्या वाढदिवसासारखी पाठ ठेवली, आणि पाणी आलं की टाकी, ड्रम, हंडे, शेवटी पातेलीसुद्धा भरली. पानेवाडीच्या डेपोतून निघणाऱ्या टँकरमधलं पेट्रोल लिटरवर मोजलेलं. फूड कॉर्पोरेशनच्या अवाढव्य गोदामातली गव्हाची गोणी ५० किलोची, काट्यावर चढल्याशिवाय जागची हलत नाही. अशा गावात मोजमापातून सुटलेला एकच जीव, मांजर. तिच्या ताटलीत किती वाढायचं हे ठरतं एका वाक्यावर: "बघतेय बघ कशी बिचारी!"

आमच्या मनीचं पहिलं वजन झालं ते रद्दीवाल्याच्या काट्यावर. तो दारात पेपरचा गठ्ठा हुकाला अडकवून उभा होता, काट्यावरचे लाल आकडे लुकलुकत होते, आणि मला एकदम सुचलं. बाजाराची कापडी पिशवी, आत मनी, तोंड तेवढं बाहेर. पिशवी हुकाला लागताच तिने चारी पायांची नखं कापडात रुतवली, कान मागे पाडले, आणि आकडा ४ किलो ७०० वर थांबला. रिकामी पिशवी १०० ग्रॅम. म्हणजे मनी ४ किलो ६००.

"ताई, रद्दीच्या भावात लावू का पुस्तकाच्या?" रद्दीवाल्याने विचारलं.

"माझ्या माऊला हात लावशील तर बघ!" जिन्यावरून शेजारच्या आजी कडाडल्या.

(घरी माणसांचा वजनकाटा असेल तर काम सोपं आहे. आधी मांजर कडेवर घेऊन उभं राहायचं, मग एकटं, आणि वजाबाकी. काटा आमच्याकडेही आहे. त्यावर चढायची माझी तयारी नव्हती.)

जनावरांच्या डॉक्टरांनी मनीच्या बरगड्या चाचपल्या, वरून कंबर बघितली आणि म्हणाले, "हिला चार किलो पुरे. वरचे ६०० ग्रॅम कोणाकडून आणले?"

मोबाइलवर होणारं गणित

मॅक्स क्लायबर नावाच्या, जन्माने स्विस आणि नोकरीने कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये एक गंमत दाखवून दिली. प्राण्याचं वजन दुप्पट झालं म्हणून त्याची भूक दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. उंदरापासून गाईपर्यंत सगळ्यांना हा हिशेब जवळपास लागू पडतो. त्यातूनच डॉक्टरांचं आजचं सूत्र आलं, आणि ते कुठल्याही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सुटतं.

मांजराचं किलोतलं वजन तीनदा गुणा: ४ × ४ × ४ = ६४. वर्गमूळ काढा: ८. त्याचं पुन्हा वर्गमूळ: २.८३. त्याला ७० ने गुणा: १९८. चार किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायला, म्हणजे श्वास घ्यायला, अंग गरम ठेवायला, हृदय चालवायला दिवसाला इतक्या कॅलरी लागतात. (कॅलरी म्हणजे पाकिटावर छापतात ती, किलोकॅलरी.) आता त्यात तिचे उद्योग मिळवायचे. ऑपरेशन झालेल्या मांजरासाठी १.२ ने गुणायचं, न झालेल्यासाठी १.४ ने. मनीचं ऑपरेशन झालंय, म्हणून २३८.

यात एक मेख आहे. मांजर जाडं असेल तर सूत्रात आजचं वजन घालायचं नाही, असायला हवं ते घालायचं. नाहीतर चरबीलाही पान मांडून जेवायला बसवल्यासारखं होतं. आणि आठ किलोचा बोका असला तर? ३३३. दोन मनींच्या ३९६ पेक्षा कितीतरी कमी. क्लायबरसाहेबांची हीच ती गंमत.

सूत्रातून निघतो तो अंदाज, ब्रह्मवाक्य नव्हे. एकाच वजनाच्या दोन मांजरांच्या गरजेत चांगलाच फरक पडू शकतो. सुरुवात सूत्राने करायची, पुढचं काट्याला विचारायचं.

चलन: एक उंदीर

२३८ कॅलरी म्हणजे नक्की किती, हे डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून मी मांजराचंच चलन घेतलं. घरात फिरतो तो लहान उंदीर साधारण ३० कॅलरींचा. म्हणजे मनीचा दिवस आठ उंदरांत भागतो.

आठ उंदीर म्हणजे आठ वेगवेगळी जेवणं, हे इथे लक्षात घ्यायचं. मांजर एका दमात पोट भरणारा प्राणी नाही. मोकळं अन्न ठेवलं तर ती दिवसरात्रीत दहा ते वीस वेळा तोंड घालते, दोन घास खाते, निघून जाते. आपण म्हणतो, "नखरे बघा, आत्ताच वाढलं नि टाकून गेली!" नखरे कसले, एक उंदीर संपला एवढंच. दुसरा पहाटे तीनला लागतो. तेव्हा ती तुमच्या छातीवर बसून तुम्हाला उठवते.

आता स्वयंपाकघराचा दर उंदरांत लावू. एक अंडं: सव्वादोन उंदीर. अर्धी पोळी: पावणेदोन. कोरड्या दाण्यांच्या खाद्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे ८ ग्रॅमचा एक उंदीर झाला. आमच्या पोह्यांच्या चमच्यात तेवढे दाणे मावतात. मनीचा पूर्ण दिवस ६० ते ६५ ग्रॅममध्ये आटोपतो. वाटीत ओतून बघा, तळ जेमतेम झाकला जातो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला काटा बिघडल्याची शंका आली होती. ओल्या खाद्याचं ८५ ग्रॅमचं पाकीट साधारण ७० कॅलरींचं, सव्वादोन उंदरांचं. नुसत्या पाकिटांवर ठेवलं तर दिवसाला तीन-साडेतीन लागतात. म्हणून बहुतेक घरांत थोडं हे, थोडं ते चालतं, आणि नेमकी तिथेच बेरीज करायची राहून जाते.

पाकिटावर कॅलरी छापली नसेल तरी अडत नाही. प्रथिनांच्या टक्क्याला साडेतीनने गुणा, स्निग्धांशाला साडेआठने, पिठूळ भागाला पुन्हा साडेतीनने, आणि बेरीज करा. आली १०० ग्रॅमची कॅलरी. पिठूळ भाग पाकिटावर बहुधा नसतोच, तो १०० मधून बाकी सगळं वजा करून काढायचा. ३२ टक्के प्रथिनं, १२ टक्के स्निग्धांश आणि ३८ टक्के पिठूळ असलं तर ११२ + १०२ + १३३, म्हणजे ३४७.

चीजचा एक चौकोनी तुकडा दोन उंदरांहून थोडा जास्तच भरतो. "एवढासा तर आहे!" असं वाटतं. पण मनीच्या दिवसाचा तो पाव हिस्सा. तुमच्या-माझ्या दोन हजार कॅलरींच्या दिवसात पाव हिस्सा म्हणजे जवळजवळ दोन वडापाव. जेवण झाल्यावर कोणी प्रेमाने दोन वडापाव हातात ठेवले तर?

पोटाचं जंक्शन

तर ते ६०० ग्रॅम आले कुठून? मनमाड जंक्शनवर गाड्या मुंबईकडून येतात, भुसावळकडून येतात, छत्रपती संभाजीनगरकडून येतात, दौंडकडूनही येतात. मनीच्या पोटाचं तसंच. फरक एवढाच की स्टेशनात सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक एका जागी असतं.

सकाळी आमच्याकडे ५० ग्रॅम दाणे: सव्वासहा उंदीर. साडेनऊला आजींकडे अर्धी वाटी म्हशीचं दूध, तिथे ती माऊ असते: पावणेतीन उंदीर. दुपारी वरच्या मजल्यावर वहिनींचा शाळेतून आलेला धाकटा तिला टायगर म्हणतो आणि दोन ग्लुकोज बिस्किटं चारतो: दीड उंदीर. बेरीज साडेदहा. रविवारची कोंबडी अजून हिशेबात धरलेलीच नाही. प्रत्येक घराला प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण थोडंसंच देतो, आणि दुसरीकडून बिचारीला काही मिळत नाही.

वरखाण्यासाठी डॉक्टरांचा साधा दंडक आहे: दिवसाच्या कॅलरींचा दहावा हिस्सा, त्याच्या वर नाही. मनीसाठी २४ कॅलरी. एक बिस्कीट झालं की त्या दिवसाचा फराळ संपला, टायगर असो नाहीतर माऊ.

दहाच दाणे जास्त पडले तर काय होतं, हेही मी मांडून बघितलं. एका दाण्याला एक कॅलरी धरली तर वर्षाला ३,६५० जादा. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. कागदावर वर्षाला पावणेपाचशे ग्रॅम वजन वाढलं. चार किलोच्या मांजराला हे म्हणजे ६० किलोच्या बाईला सात किलो.

तिला गोड लागतच नाही

बिस्किटांवरून आठवलं. मांजराला गोड चव कळत नाही. गोडाची जाणीव देणारा एक जनुक तिच्यात मोडलेला आहे, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. श्रीखंडाच्या वाटीवर ती झडप घालते ती चक्क्याच्या स्निग्धपणासाठी, साखर तिच्या लेखी वाळू. वहिनींच्या धाकट्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग तिला बिस्कीट कशाला वाया घालवू?" सगळ्या इमारतीत हा मुद्दा फक्त त्यालाच पटकन पटला.

दुधाचं प्रकरण मात्र नाजूक. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या भाषेतच मुरलेली आहे. डोळे मिटून दूध पिणारं मांजर आपल्याला ठाऊक, डोळे मिटून उंदीर खाणारं कोणी पाहिलंय? पण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पोट बिघडतं, आणि साफसफाई दूध देणाऱ्याकडे नाही, दुसऱ्याच घरात करावी लागते. शिवाय म्हशीचं दूध १०० मिलीला शंभराच्या वर कॅलरी देतं. वाटीभर प्यायली की निम्म्याहून अधिक दिवस संपला.

डाळभात, दूधभात, वरणपोळी यांवर मांजर जगतं असं म्हणणाऱ्याने तिच्यामागे एक रात्र फिरून बघावं. उरलेलं ती बाहेर मिळवते. मांजर अस्सल मांसाहारी. टॉरिन नावाचा एक घटक तिला अन्नातूनच मिळावा लागतो, आणि तो मांसामाशांतच असतो. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी दाखवलं की टॉरिन कमी पडलं की मांजरांचं हृदय दुबळं होऊन फुगतं, आणि ते पुन्हा दिलं की कितीतरी मांजरं सुधारतात. गाजरातल्या केशरी रंगापासून 'अ' जीवनसत्त्व बनवणं आपल्याला जमतं, तिला नाही. म्हणून आठ उंदरांच्या कॅलरी भाताने भरून काढल्या तर आकडा जुळतो, मांजर जुळत नाही.

लासलगावशेजारचा इशारा

हा आमचा मुलूखच कांद्याचा. लासलगावची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, आणि घरात रस्सा झाला की कांदा-लसणाशिवाय होत नाही. मटणाच्या रश्श्यात कालवलेली भाकर मांजरापुढे टाकणं ही इथली जुनी माया. पण कांदा मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. किलोमागे पाच ग्रॅमही बाधायला पुरतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम. शिजवला, वाळवला, पूड केली, काहीही केलं तरी त्याचा गुण जात नाही, आणि लसूण त्याहून जहाल. मटणाचा तुकडा द्यायचाच तर फोडणीआधी बाजूला काढून, बिनमिठाचा उकडून. सुकट-बोंबलाचंही तेच: वास आला की मनी तीन मजले खाली येते, पण मीठ इतकं की चवीपुरतंच बरं.

बारा वॅटचं मांजर

ही माझी सगळ्यात आवडती आकडेमोड. दिवसाच्या २३८ कॅलरी विजेच्या भाषेत सांगायच्या तर मनी साडेअकरा वॅटवर चालते. आमच्या बाथरूममधला एलईडी बल्ब १२ वॅटचा आहे. विजेच्या एका युनिटमध्ये मनी साडेतीन दिवस पळते, किंवा खरं सांगायचं तर झोपते. पेट्रोलमध्ये मोजलं तर वर्षभराचं मांजर साधारण ११ लिटरचं. पानेवाडीतून निघालेला टँकर रस्त्याने जाताना दिसला की आता माझ्या मनात उगाच हिशेब चालू होतो, यात किती मांजरं बसतील.

साहेबाच्या पोस्टातला भत्ता

उपाशी ठेवलं की मांजर जास्त उंदीर मारेल, ही समजूत फार जुनी. लंडनच्या पोस्टखात्याच्या मनीऑर्डर कचेरीत उंदरांनी उच्छाद मांडला तेव्हा, सप्टेंबर १८६८ मध्ये, तीन मांजरांना रीतसर भत्ता मंजूर झाला. कचेरीच्या अधिकाऱ्याने आठवड्याला दोन शिलिंग मागितले होते, वरून एकच मिळाला. बाकीचं मांजरांनी उंदरांवर भागवावं, आणि सहा महिन्यांत उंदीर घटले नाहीत तर भत्ता आणखी कापू, अशी तंबीही. सरकारी काटकसर कुठल्याही देशात सारखीच!

पण मांजराचं डोकं असं चालत नाही. १९७६ च्या एका प्रयोगात समोरचं जेवण चालू असताना उंदीर सोडला, तर मांजरं ताट टाकून आधी उंदरावर गेली, आणि मारून झाल्यावर परत ताटावर आली. भूक आणि शिकार ही दोन वेगळी बटणं आहेत. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात उलटंच निघालं: भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाद्य दिलं तर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवलं तर २५ टक्क्यांनी.

रेल्वेच्या गावात रेल्वेचं मांजर सांगायलाच हवं. जपानमध्ये वाकायामाच्या किशी स्टेशनात २००७ मध्ये तामा नावाची मांजर स्टेशनमास्तर नेमली गेली, टोपीबिपीसकट. पगार म्हणून वर्षभराचं मांजरखाद्य. २०१५ मध्ये ती वारली तोवर तोट्यातल्या त्या मार्गाला तिच्यापायी प्रवासी मिळत राहिले. आमच्या फलाटावरच्या मांजरांना अजून हुद्दा नाही, पण ऑम्लेटच्या गाड्याजवळची हजेरी त्यांची पक्की असते.

धान्याशी तर मांजराचं नातं आपल्या सगळ्यांहून जुनं. पश्चिम आशियात माणसाने कोठारं भरायला सुरुवात केली, तिथे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आलं आणि राहिलं. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे अवशेष सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. एक उंदीर दिवसाला तीन-चार ग्रॅम धान्य खातो, वर्षाला किलोभर, आणि नासतो त्याहून जास्त. आशियातल्या मोठ्या धान्यकोठारांत गणलं जाणारं गोदाम ज्या गावात आहे, तिथे मांजराला कोणी आडवं गेलं म्हणून हटकावं, हे मला कृतघ्नपणाचं वाटतं.

पाणी: इथलीच शोभते

वागदर्डी धरणाची पातळी पेपरात वाचून अंघोळीचं ठरवत आलेल्या गावाला मांजर साजेसं आहे. तिचे पूर्वज कोरड्या मुलखातले, मूत्रपिंडं अशी की पाण्याचा थेंबही वाया जात नाही. १९५९ च्या प्रयोगांत दिसलं की नुसत्या मासळी-मांसावर मांजर वेगळं पाणी न पिता राहू शकतं, इतकंच काय, समुद्राच्या पाण्यावरही निभावतं. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, आणि उंदराच्या अंगात जवळजवळ ७० टक्के पाणीच. ओल्या खाद्याच्या तीन पाकिटांत हे २०० मिली आपोआप येतं. कोरड्या ६० ग्रॅम दाण्यांत येतं जेमतेम पाच-सहा मिली, एक चमचाभर. तहान कमी लागणारं जनावर कोरड्यावर ठेवलं की लघवीचे आजार मागे लागतात. म्हणून दाणे खाणाऱ्या मांजरासाठी घरात दोन-तीन ठिकाणी पाणी हवं, टंचाई असली तरी. मनी स्वतःचा वाडगा सोडून हंड्याच्या कडेवरूनच पिते, ते वेगळं.

काट्याआधी हात

काटा नसला तर हात वापरा. मांजराच्या बरगड्यांवरून बोटं फिरवा, मग आपल्याच हाताच्या पाठीवरून. दोन्ही सारख्या लागल्या तर छान. मूठ वळल्यावरच्या हाडांसारख्या टोचल्या तर मांजर रोड, तळव्यासारखं गुबगुबीत लागलं तर जाड. मागच्या पायांपुढे लोंबणारी पोटाची कातडी बघून मात्र घाबरू नका. ती सडपातळ मांजरालाही असते, पळताना डुलते.

जाड मांजराला एकदम उपाशी ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं तर अंगातली चरबी यकृतात येऊन साठते आणि जिवावर बेतू शकतं. एकादशी तिला झेपत नाही. उतरवायचं ते आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या हिशेबाने, म्हणजे मनीचं ४५ ग्रॅम. एका कांदेनवमीच्या भज्याएवढं. पिल्लं पाजणाऱ्या भाटीला यातलं काहीच लागू नाही. तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतं आणि ती मागेल तेवढं द्यावं.

तर आमच्या जिन्यात आता कॅलेंडर टांगलेलं आहे. घरोघरी दुधाचा हिशेब लिहितात तशा त्याच्या चौकोनांत मनीचे उंदीर लिहितो. आमच्याकडे सहा, आजींकडे एक, उकडलेल्या अंड्याचा अर्धा भाग, वहिनींच्या धाकट्याकडे एक, चमचाभर दाणे, तोही जिन्यात एकेक दाणा फेकून, म्हणजे तिला धावावं लागतं. आजींनी पहिले आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. नवव्या दिवशी त्यांनी चौकोनात स्वतःच्या हाताने लिहिलं: "१ (लहान)."

महिन्याने रद्दीवाला आला. तीच कापडी पिशवी, तोच हुक, तेच मागे पाडलेले कान. आजी, वहिनी, धाकटा, सगळे जिन्यात उभे. लाल आकडे वरखाली होत ४ किलो ५५० वर थांबले.

रद्दीवाल्याने भुवया उंचावल्या. "दीडशे ग्रॅम घट आली ताई," तो म्हणाला, "माल वाळलाय."